दोन उभे अन् चार

साळवीबाईंनी दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "सुनंदा, मुलांच्या गमतीजमती लिही. लोकांना आवडतात." बाई आमच्या खेळघराच्या प्रमुख. त्यांचे माझ्यावर इतके उपकार आहेत की नाही म्हणायला तोंड उघडलं नाही. पण वही पुढ्यात घेतली आणि गमतीजमती कुठल्या कुठे गेल्या. वर आला तो रागच. गमती लिहीन, जागा उरली तर.

आधी माझं सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल कोण बोलतंय. मी जत तालुक्यातली. सहावीत असताना आई-वडील ऊसतोडीला गेले आणि पाठच्या दोघांना बघायला मी घरी राहिले. 'एक हंगाम' असं ठरलं होतं. त्या हंगामानंतर मी शाळेत गेले नाही. लग्न झालं. नवरा हातखंब्याच्या पुढे एका चिरेखाणीवर, जांभ्या दगडाचे चिरे कापायच्या मशीनवर लागला, म्हणून मी या मुलखात आले. चौदा वर्षं होत आली, तरी बाजारात 'काय ओ, कसं दिलं?' म्हटलं की कोळीण हसून विचारते, "घाटावरची ना गो तू?" मी हो म्हणते. ती दोन बांगडे जास्त टाकते. या गावानं मला पुष्कळ दिलंय, हे मला ठाऊक आहे. म्हणून राग लिहिताना हात कचरतो. हा लेखसुद्धा मुलीकडून दोनदा तपासून घेतलाय, वेलांट्या चुकल्या तर लोक म्हणतील, ही शिकवते?

तर मी शिकवते. खाणीवरच्या मुलांना. साळवीबाईंच्या संस्थेनं खाणीच्या कडेला पत्र्याची एक खोली घातली, तिला खेळघर म्हणतात. तीन ते सहा वर्षांची पोरं येतात. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी माझ्या झोपडीसमोर चार पोरांना घेऊन काजूच्या बियांचा डाव मांडला होता, माझी मुलगी रडू नये म्हणून. त्या उभ्या राहून बघत होत्या. मग विचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, कुणी नाही. त्या म्हणाल्या, मग उद्यापासून रोज कर.

बाहेरच्यांना हे काम म्हणजे पोरं सांभाळणं वाटतं. वस्तीवरचे लोक येताजाता म्हणतात, "बरं हाय तुमचं, चिंचोके खेळायचं काम." खेळायचंच काम आहे. पण एकदा येऊन खेळवून बघा.

पोर 'एक दोन तीन चार' म्हणतं तेव्हा ते मोजत नसतं, ते गाणं म्हणत असतं. बोट एकीकडे, तोंड दुसरीकडे. सात बिया असल्या तरी गाणं दहावर संपलं की उत्तर दहा. एका बीला एकच हात, एका हाताला एकच आकडा, आणि शेवटचा आकडा म्हणजे सगळ्या बिया, एवढं डोक्यात बसायला कुणाला महिना लागतो, कुणाला सहा. मग आम्ही ताटल्या मांडतो. नऊ पोरं, ताटल्या सहा, किती आणायच्या? पहिल्या दिवशी सगळे उठून सगळ्या ताटल्या आणतात. तिसऱ्या आठवड्यात एखादं पोर जागेवर बसून विचार करतं आणि उठून तीनच आणतं. त्या दिवशी मी घरी जाऊन गोड करते, खोटं सांगत नाही.

आमचा सगळ्यांत आवडीचा खेळ एस.टी. पाटांची रांग म्हणजे गाडी. लांज्याला पाच चढले, पालीला दोन उतरले, हातखंब्याला तीन चढले, आता गाडीत किती? एकदा सादिकनं खेळ थांबवला. त्याच्या वडिलांचं हायवेला पंक्चरचं दुकान, गाड्यांमधलं त्याला सगळं कळतं. तो म्हणाला, "अक्का, ड्रायव्हर धरायचा का?" मी म्हटलं, नको. तर म्हणाला, "मग गाडी कोण चालवतंय?" त्या दिवसापासून आम्ही ड्रायव्हर धरतो.

झाली एक गमत. आता भाग्याचं.

भाग्याचे वडील मल्लप्पा, विजापूरकडचे. खाणीवर गाडी भरायचं काम. आई तिथेच माती काढायला. घरी कानडी. भाग्याला धाकटा भाऊ, दीड वर्षाचा, तो कायम तिच्या कडेवर. खेळघरात यायची तीसुद्धा त्याला घेऊन. एका हातानं त्याला धरायचं आणि दुसऱ्या हातानं मोजायचं.

चिरे भरायची एक पद्धत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गाडी भरताना दर पन्नासावा चिरा गाडीत चढवत नाहीत. तो जमिनीवर उभा करून ठेवतात. बाकीचे सगळे आडवे, हा एकटा उभा. त्याच्यानंतर पुन्हा एकपासून मोजायचं. गाडी भरत आली की मुकादम येतो, उभे चिरे मोजतो, वरचे सुटे धरतो आणि आकडा सांगतो. मग ते उभे चिरे सगळ्यांत शेवटी गाडीत जातात. बोलण्यात कुणाची मोजणी चुकेल, पण उभा चिरा खोटं बोलत नाही, असं मल्लप्पा म्हणायचा. कागद नाही, पेन नाही. भरणारे बहुतेक अंगठेवाले, आणि मोजणीत भांडण झालेलं मी फार कमी बघितलंय.

एके दिवशी मी भाग्यापुढे काजूच्या बियांची वाटी ठेवली. तिला आकडे यायचे दहापर्यंत, तेही निम्मे कानडीत. मला वाटलं, दहानंतर थांबेल. तिनं नऊ बिया ओळीनं मांडल्या आणि दहावी जमिनीच्या भेगेत उभी खोचली. पुन्हा एकपासून. पुन्हा दहावी खोचली. वाटी रिकामी झाली तेव्हा तीन बिया उभ्या होत्या आणि एका ओळीत सात सुट्या. मी विचारलं, किती गं? ती म्हणाली, "तीन उभे अन् सात."

मी बिया पुन्हा मोजून बघितल्या. हिला सदतीस हा शब्द माहीत नव्हता. सदतीस माहीत होते.

वाचणाऱ्यांपैकी कुणी शिक्षक असतील तर त्यांना सांगायला नको. पहिलीच्या वर्गात काड्यांचे गठ्ठे करायला शिकवतात, दहाचा एक गठ्ठा, बाकी सुट्या. दशक आणि एकक. माझ्या मुलीला ते समजायला पहिलीचं अर्धं वर्ष गेलं. ही पोर भावाला कडेवर घेऊन गाडीशेजारी उभी राहून ते शिकून आली होती.

मला इतकं कौतुक वाटलं की मी तो सगळ्यांचाच खेळ केला. 'उभा चिरा.' आमच्याकडच्या पोरांना एकोणतीसच्या पुढे वीस-दहा म्हणायची सवय. तो घोळच संपला. दहापर्यंत मोज, एक उभा कर, पुन्हा मोज. पोरं शंभरपर्यंत जाऊ लागली. मी हुरळून गेले. आणि नावं शिकवायची राहिली. चोवीसला चोवीस म्हणतात, हे मी त्यांना घोटून घ्यायला हवं होतं. ती चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक सर आले. कुठून आले त्याचं नाव लिहीत नाही. जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलांची तयारी तपासायला ते वाडीवाडीनं फिरत होते. पंचविशीचा मुलगा, उन्हानं लाल झालेला, हातात मोबाईल. मोबाईलमध्ये प्रत्येक मुलाचं पान आणि त्यावर दोन बटणं, आहे आणि नाही. आमच्याकडे रेंज धड येत नाही, त्यामुळे ते आल्यापासून चिडलेलेच होते. मी पाणी दिलं. त्यांनी विचारलं, तुमचं शिक्षण किती? मी म्हटलं, सहावी. पूर्ण? नाही. त्यांनी मोबाईलमध्ये बघितलं. मला वाटलं, आता हे वर कळवतील, सहावी नापास बाई पोरांना शिकवते म्हणून, आणि हे काम जाईल. साळवीबाई तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे पुण्याला होत्या. त्या असत्या तर मी इतकी भ्याले नसते.

सहा पुरी झालेली, पहिलीत जायची पोरं दोनच होती, सादिक आणि भाग्या. सरांनी टेबलावर चिंचोके मोजून ठेवले, पुटपुटत, "...बावीस, तेवीस, चोवीस." सादिक शेजारीच उभा. त्याला म्हणाले, मोज. सादिकनं झपाझप बोट फिरवलं, दोन चिंचोके सोडले, एकाला दोनदा हात लावला, तोंडानं काहीतरी गुणगुणला आणि ऐटीत म्हणाला, "चोवीस." सरांनी 'आहे' दाबलं. मला हसू आलं. पोरगं हुशार आहे, ऐकून ठेवलं होतं त्यानं. त्याच्यावर माझा राग नाही.

मग भाग्या. भाऊ कडेवर. तिनं एका हातानं नऊ चिंचोके सरकवले, दहावा उचलला आणि त्याला उभा करायला टेबलावर भेग शोधू लागली. गुळगुळीत टेबल, भेग कुठली? तिनं तो टेबलावरच्या सरांच्या पेनाला टेकवून ठेवला. पुन्हा नऊ, पुन्हा एक पेनाला. मग चार.

सर म्हणाले, "किती झाले?"

"दोन उभे अन् चार."

"दोन आणि चार?" सर माझ्याकडे बघून हसले. "म्हणजे सहा? एवढ्या बियांना सहा?"

भाग्यानं माझ्याकडे बघितलं. ती मुलगी नुसतं बघत होती, की अक्का सांगेल. एका वाक्याचं काम होतं. सर, ती दहा-दहाचे दोन धरते. एवढंच. मी ते बोलले नाही. मनात दहादा बोलले. सरांनी 'नाही' दाबलं, पेन उचललं, पेनाला टेकलेले दोन्ही चिंचोके घरंगळत खाली गेले. भाग्या वाकून ते उचलायला लागली, तोवर ते मोटारसायकलला किक मारत होते. तेव्हा मला वाचा फुटली. मी मागे धावले, सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "ताई, सबमिट झालंय. आता बदलत नाही." रेंज नसलेल्या त्या जागेवरून बरोबर तेवढं एक गेलं होतं.

यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. काय होतं ते सांगते. पावसात खाणी बंद होतात आणि लोक गावी जातात. भाग्याचा मामा मात्र खाणीवर राखणीला बारा महिने राहायचा, बायकोसकट. मल्लप्पानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "शाळेनं घेतलं तर मामाकडं ठेवतो, अक्का. न्हाई घेतलं तर नेतो. हिची आई रानात जाती, बारक्याला कोण बघणार?" हे वाक्य मी माझ्या घरात ऐकलेलं आहे. 'एक हंगाम' म्हणून मी राहिले ती कायमचीच. म्हणून मला माहीत होतं की त्या बटणाखाली काय आहे. सरांना माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं, आणि तरी मी गप्प बसले. माझ्या रागातला निम्मा राग हा आहे.

उरलेला निम्मा पुढे ऐका. मी मल्लप्पाला घेऊन गावातल्या शाळेत गेले. तिथल्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वाईट नाहीत. त्यांनी बसायला खुर्ची दिली. यादी काढली, भाग्याच्या नावापुढे 'तयारी नाही' लिहून आलं होतं. म्हणाल्या, लहान आहे, भाषेचीही अडचण, पुढच्या वर्षी बघू. मी पिशवीतून चिंचोके काढले. म्हटलं, तिला आत्ता बोलावते, तुम्हीच बघा. त्या म्हणाल्या, अहो, आता यादी आलीय ना. मल्लप्पानं हात जोडले आणि उठला. मी बाहेर येऊन त्याला म्हटलं, साळवीबाई येईपर्यंत थांब. तो म्हणाला, "त्या मोठ्या बाईंनी सांगितलं ना अक्का, तयारी न्हाई म्हणून. शिकलेली माणसं हायेत ती." शिकलेल्या माणसांवर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. मी सहावीची, माझं कोण ऐकणार. मीसुद्धा माझं ऐकलं नाही.

साळवीबाई आठ दिवसांनी आल्या, डोळ्याला काळा चष्मा. मी सगळं सांगितलं. त्या मला ओरडल्या, पहिल्यांदाच. "अगं, सहा वर्षं झाली की मुलाला घ्यावंच लागतं. तयारी आहे की नाही हे विचारायचाच हक्क नाही कुणाला. फोन का नाही केलास?" मला हे माहीत नव्हतं. ऑपरेशन झालेल्या बाईला कसला त्रास द्यायचा, म्हणून फोन केला नव्हता. तशाच चष्म्यानिशी त्या रिक्षात बसल्या आणि आम्ही शाळेत गेलो. साळवीबाईंनी आवाजसुद्धा चढवला नाही. पाच मिनिटांत मोठ्या बाई म्हणाल्या, आणा तिला, नाव घालते.

पाच मिनिटं लागली. माझा उरलेला निम्मा राग त्या पाच मिनिटांवर आहे.

रिक्षा तशीच खाणीवर नेली. मल्लप्पाच्या खोपटाची ताडपत्री उतरवलेली. मामा म्हणाला, काल सकाळी टेम्पो गेला. त्यानं तिथूनच फोन लावून दिला. मी मल्लप्पाला सांगितलं, घेतात म्हणाले, परत पाठव. तो म्हणाला, आता गावात आलो अक्का, एवढ्या लांब पोरीला एकटी कशी धाडू. इथल्या शाळेत घालतो की. मी म्हटलं, नक्की? तो म्हणाला, व्हय. मागे बारका रडत होता आणि भाग्या त्याला कानडीत काहीतरी समजावत होती. पुढच्या हंगामाला ते आमच्याकडे आले नाहीत. मामानंही काम सोडलं. एकदा लागला होता फोन. शाळेत जाते का विचारलं, तर मल्लप्पा म्हणाला, "जाती की." मागे त्या वेळीसुद्धा बारक्याचाच आवाज होता. सकाळचे अकरा वाजले होते.

यंदा मे महिन्यात तेच सर पुन्हा आले. आता थोडे जाड झालेत, टोपी घालतात. या वेळी मी आधीच ठरवून ठेवलं होतं. पोरं बसवण्याआधी मी टेबलावर चोवीस चिंचोके ठेवले आणि म्हटलं, सर, यांचे गठ्ठे कसे करायचे? त्यांना वाटलं, मला शिकायचंय. त्यांनी छान समजावून सांगितलं, दहाचा एक, दहाचा दुसरा, हे चार सुटे. दोन दशक, चार एकक.

"हे कितवीत येतं?" मी विचारलं.

"पहिलीत. दिवाळीनंतर."

"एका मुलीनं तुम्हाला हेच सांगितलं होतं. इथं, याच टेबलावर. दोन उभे अन् चार. तुम्ही 'नाही' दाबलंत."

त्यांनी चिंचोके पुन्हा एकत्र केले. मग म्हणाले, "मला आठवत नाही ती मुलगी, ताई. वर्षाला किती मुलं बघतो मी."

खोटं बोलले नाहीत ते. आठवत नसेलच. पण त्या दिवशी त्यांनी प्रत्येक पोराला विचारलं, कसं मोजलंस ते सांग. वेळ लागला, दुपार झाली. मी त्यांना जेवायला वाढलं. राग आहे म्हणून उपाशी पाठवायचं, असं आमच्याकडे नाही आणि इथंही नाही. पोरं आता दोन्ही सांगतात, दोन उभे अन् चार, म्हणजे चोवीस. मी घोटून घेते. एकाही पोराला शब्दावाचून अडवू देणार नाही.

जेवून निघताना सरांना दारात ठेच लागता लागता राहिली. तिथं जमिनीवर एक चिरा उभा आहे. भाग्या गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी तो खाणीवरून ओढत आणला आणि उभा केला. मुकादमानं तेव्हा विचारलं होतं, कुणाचा हा? मी म्हटलं, माझा, मोजणीतला आहे, हलवू नको. खाणीवरचा माणूस, त्याला पुढे सांगावं लागलं नाही. तीन पावसाळे झाले, शेवाळ धरलंय.

सरांनी विचारलं, "हा वाटेतच का ठेवलाय? कुणीतरी पडेल."

मी त्यांना चिरे भरायची पद्धत सांगितली. उभा चिरा म्हणजे काय, आणि तो सगळ्यांत शेवटी गाडीत चढवतात ते. आणि म्हटलं, हा अजून खालीच आहे.